वाचकांचे प्रश्न : वसाहतींच्या विधानसभेत कोणाला बसता येत होतं?

गेल्या अंकात आम्ही एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वसाहतींच्या कनिष्ठ सभागृहांचा एक छोटा तक्ता छापला होता. कोणत्या वसाहतीत ते पहिल्यांदा कधी भरलं आणि सदस्य किती, एवढंच त्यात होतं : न्यूझीलंड १८५४, ३७ सदस्य, दक्षिण आफ्रिकेतली केप वसाहत १८५४, ४६, आणि ऑस्ट्रेलियातल्या चार वसाहती : न्यू साउथ वेल्स १८५६, ५४, व्हिक्टोरिया १८५६, ६०, दक्षिण ऑस्ट्रेलिया १८५७, ३६, क्वीन्सलंड १८६०, २६. त्यावर यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, वाशीम, अमरावती आणि गडचिरोली जिल्ह्यांतून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : कनिष्ठ सभागृह म्हणजे कमी मानाचं असते काय? निवडून आलेले लोकं खालच्या सभागृहात अन् नेमलेले वरच्यात, हे असं उलटं काहून? (एक शेतकरी, दारव्हा तालुका)

मान वरच्या सभागृहाला होता, तिजोरी खालच्या सभागृहाच्या हाती होती. कर बसवण्याचं आणि खर्चाला मंजुरी देण्याचं विधेयक कनिष्ठ सभागृहातच मांडावं लागे. मंत्रिमंडळही तिथे बहुमत असेपर्यंतच टिकायचं. वरचं सभागृह ठेवलं होतं ते जमीनदार आणि धनिकांना सामान्य मतदारांची भीती वाटत होती म्हणून. न्यू साउथ वेल्समध्ये विधान परिषदेचे सदस्य नेमले जात. व्हिक्टोरियात ते निवडून येत, पण सुरुवातीला उमेदवाराकडे ५,००० पौंडांची मालमत्ता हवी होती आणि मतदारही मालमत्तावालेच होते.

वरचं सभागृह अडून बसलं की काय होई, ते १८६५ मध्ये व्हिक्टोरियात दिसलं. मुख्यमंत्री जेम्स मॅक्‌कलॉक यांनी आयात कराचा प्रस्ताव वार्षिक खर्चाच्या विधेयकाला जोडून पाठवला. परिषदेला खर्चाच्या विधेयकात दुरुस्ती करता येत नसे; घ्यायचं तर सगळं, नाही तर काहीच नाही. परिषदेने ते बाजूला ठेवलं आणि कायद्याने तिजोरी बंद झाली. मग सरकारने एका बँकेकडून पैसे उचलले, बँकेने वसुलीसाठी सरकारवर दावा लावला, सरकारने कोर्टात देणं कबूल केलं आणि कोर्टाच्या हुकुमाच्या आधारे तिजोरीतून बँकेची रक्कम भागवली. मॅक्‌कलॉक स्वतः त्या बँकेचे संचालक होते. ही वाट चालू दिल्याबद्दल गव्हर्नर सर चार्ल्स डार्लिंग यांना लंडनने १८६६ मध्ये परत बोलावलं. कागदावर दोन्ही सभागृहं असली तरी भांडण सुटण्याचा मार्ग घटनेत नसला की असं होतं.

प्रश्न : उमेदवारीपासून शपथेपर्यंत काय काय करावं लागे? क्रमाने सांगावं. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, देऊळगाव राजा)

आधी पात्रता. वय २१ पूर्ण आणि ब्रिटिश प्रजाजन, हे सगळीकडे होतं. पुढचं वसाहतीवर अवलंबून. व्हिक्टोरियात १८५६ च्या पहिल्या निवडणुकीत विधानसभेच्या उमेदवाराकडे २,००० पौंडांची किंवा वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी स्थावर मालमत्ता हवी होती. ही अट १८५७ मध्ये गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने कनिष्ठ सभागृहासाठी ती कधी ठेवलीच नाही. व्हिक्टोरियात धर्मोपदेशकांना उभं राहता येत नसे. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र जॉन डनमोर लँग हे पाद्री अनेक वर्षं विधानसभेत होते. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘ऑस्ट्रेलियात अशी अट होती’ असं लिहू नका. १९०१ पर्यंत या सहा स्वतंत्र वसाहती होत्या आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा होता.

आता न्यू साउथ वेल्सचा क्रम घेऊ. विधानसभा विसर्जित झाली की प्रत्येक मतदारसंघासाठी निवडणूक घेण्याचा हुकूम निघे. त्याला रिट म्हणत. तो हुकूम मतदारसंघाच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे जाई. अधिकारी उमेदवारीचा दिवस जाहीर करी. त्या दिवशी गावात उघड्यावर मंच बांधलेला असे. एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, उमेदवाराने भाषण करायचं. जागेइतकेच उमेदवार असले तर तिथल्या तिथे बिनविरोध. जास्त असले तर अधिकारी जमलेल्या लोकांना हात वर करायला सांगे आणि कोणाकडे जास्त हात आहेत ते जाहीर करी. हरलेल्या बाजूला हा कौल नाकारून रीतसर मतदान मागण्याचा हक्क होता आणि बहुधा तो मागितला जाई, कारण मंचाभोवती जमलेल्या गर्दीत मतदार नसलेलेही हात वर करत.

मतदान गुप्त होतं. व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या तिघींनी गुप्त मतदानाचे कायदे १८५६ मध्ये केले, न्यू साउथ वेल्सने १८५८ मध्ये. छापील मतपत्रिका सरकार देई आणि मतदार ती आडोशाला जाऊन भरी. इंग्लंडात हे यायला १८७२ उजाडलं, त्यामुळे तिथे या पद्धतीला बरेच दिवस ‘ऑस्ट्रेलियन’ किंवा ‘व्हिक्टोरियन’ पद्धत म्हणत. आजच्या आपल्या पद्धतीशी एक मोठा फरक लक्षात ठेवावा : व्हिक्टोरियात आणि न्यू साउथ वेल्समध्ये मतदार नको असलेल्या उमेदवारांची नावं खोडत असे, जे नाव शिल्लक राही त्याला मत. पसंतीच्या नावासमोर फुली करण्याची पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात विल्यम बूथबी या निवडणूक अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८५८ मध्ये आली. खोडण्याच्या पद्धतीत एक धोका होता. दोन जागांच्या मतदारसंघात कोणी चुकून तीन नावं शिल्लक ठेवली, की मत बाद.

मतमोजणीनंतर विजेत्याचं नाव रिटवर लिहून तो कागद परत जाई. नवी विधानसभा भरली की सदस्य व्हिक्टोरिया राणीशी निष्ठेची शपथ घेत, मग अध्यक्ष निवडत. शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसता येत नसे आणि मतही देता येत नसे.

परीक्षेसाठी आणखी एक मुद्दा. न्यू साउथ वेल्समध्ये १८९४ पूर्वी सगळीकडे एकाच दिवशी मतदान होत नसे, ते टप्प्याटप्प्याने कित्येक दिवस चाले. त्यामुळे एका ठिकाणी पडलेला मोठा नेता दुसरीकडे उभा राहू शके. १८८२ मध्ये हेन्री पार्क्स मुख्यमंत्री असताना ईस्ट सिडनीत हरले आणि त्याच निवडणुकीत टेंटरफील्डमधून आत आले.

प्रश्न : या सदस्यांना मानधन मिळत होतं का? नसेल तर मजूर माणूस आमदार कसा होणार? (शेतमजूर संघटनेच्या कार्यकर्त्या, आर्वी तालुका)

आलेल्या सगळ्या पत्रांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तरही लांब देत आहोत.

पहिली तीस-पस्तीस वर्षं बहुतेक ऑस्ट्रेलियन वसाहतींत मानधन नव्हतं. मताचा हक्क मात्र लवकर मिळाला : दक्षिण ऑस्ट्रेलियात पहिल्याच सभागृहासाठी, व्हिक्टोरियात १८५७ मध्ये, न्यू साउथ वेल्समध्ये १८५८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना. म्हणजे खाणकामगार मत देऊ शकत होता, कायद्याने उभाही राहू शकत होता, पण निवडून आल्यावर खाणार काय, हा प्रश्न कायद्याने सोडवला नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती ते पाहा. अधिवेशन महिनोन्‌महिने चाले आणि बैठका दुपारनंतर सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत लांबत. राजधानीत राहण्याचा खर्च स्वतःचा. न्यू साउथ वेल्समधलं बर्क हे गाव सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटर. नागपूर ते मुंबई रेल्वेने जवळजवळ तेवढंच आहे. बर्कला रेल्वे पोचली १८८५ मध्ये. त्याआधी तिथल्या कोणी आमदार व्हायचं तर घोडागाडीचा किंवा नदीतल्या बोटीचा प्रवास, शिवाय घरची शेती-मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर. परिणाम असा झाला, की दूरच्या ग्रामीण मतदारसंघांचं प्रतिनिधित्व राजधानीत राहणारे वकील, व्यापारी आणि वर्तमानपत्रवाले करू लागले. गावाचं नाव मतदारसंघाला आणि माणूस शहराचा. बाकीच्या जागा मोठ्या कुरणमालकांच्या.

मजूर माणसाने प्रयत्न केला नाही असं नाही. चार्ल्स जार्डिन डॉन हा पाथरवट १८५९ मध्ये मेलबर्नजवळच्या कॉलिंगवुडमधून व्हिक्टोरियाच्या विधानसभेत निवडून आला. दिवसा छिन्नी-हातोडा घेऊन दगड घडवायचे आणि रात्री सभागृहात बसायचं. पाच वर्षं त्याने हे ओढलं. तब्येत आणि संसार दोन्ही खचले आणि १८६६ मध्ये क्षयाने तो गेला. त्याच्या मतदारसंघात मजूर मतदारांची कमी नव्हती, कायदाही त्याच्या आड नव्हता. आड आली ती रोजी.

व्हिक्टोरियाने १८७० मध्ये वर्षाला ३०० पौंड देण्याचा कायदा केला, पण तात्पुरता. वरच्या सभागृहाचा मानधनाला विरोध होता. मुदत संपत आली तेव्हा ग्रॅहम बेरी यांच्या सरकारने १८७७ मध्ये मानधनाची रक्कम वार्षिक खर्चाच्या विधेयकातच घातली. वर १८६५ ची हकिकत सांगितली, तोच पेच पुन्हा पडला. परिषदेने विधेयक बाजूला ठेवलं. पैसा नाही म्हणून बेरी सरकारने जानेवारी १८७८ मध्ये खातेप्रमुख, काउंटी कोर्टांचे न्यायाधीश आणि मॅजिस्ट्रेट यांच्यासह मोठ्या संख्येने सरकारी माणसांना एका फटक्यात कामावरून कमी केलं. तो दिवस तिथे ‘काळा बुधवार’ म्हणून ओळखला जातो. पुढे तडजोड झाली. मानधन कायमचं झालं ते १८८६ मध्ये.

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८८७ पासून वर्षाला २०० पौंड, न्यू साउथ वेल्समध्ये १८८९ पासून ३०० पौंड. आता पुढची निवडणूक पाहा. न्यू साउथ वेल्समध्ये १८९१ साली १४१ सदस्यांच्या विधानसभेत नव्या मजूर पक्षाचे ३५ जण निवडून आले. १८९० चा मोठा संप मोडला गेला होता आणि संघटनांनी संपाऐवजी निवडणुकीची वाट धरली होती, हे त्याचं तातडीचं कारण. पण खाणीतून, गोदीतून, मेंढ्या कातरण्याच्या शेडमधून आलेली ती माणसं अधिवेशनभर सिडनीत राहू शकली ती या ३०० पौंडांवर. खुद्द ब्रिटनच्या संसदेत सदस्यांना पगार सुरू झाला १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड.

मतदार म्हणूनही फिरत्या मजुराची अडचण होती, आणि हे आपल्याकडे सोंगणीला किंवा ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्यांना लगेच कळेल. मतदार यादीत नाव राहायला ठरावीक महिने त्याच मतदारसंघात वास्तव्य लागे. मेंढ्या कातरणारे एका कुरणाकडून दुसऱ्याकडे फिरत, त्यामुळे नाव एकीकडे आणि मतदानाच्या दिवशी माणूस दुसरीकडे. उलट मालमत्तावाल्याला जिथे जिथे जमीन तिथे तिथे मत होतं. मतदान वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे तो गाडी करून दोन-तीन ठिकाणी मत देऊ शके. एका माणसाला अनेक मतं देण्याची ही पद्धत न्यू साउथ वेल्सने १८९३ मध्ये आणि व्हिक्टोरियाने १८९९ मध्ये रद्द केली.

तुमच्या पत्रात ‘बंड करणाऱ्याला तिथे जागा मिळाली का’ असंही विचारलं आहे. मिळाली. व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर ३ डिसेंबर १८५४ रोजी बंडखोर खाणकामगारांच्या ‘युरेका’ नावाच्या लाकडी तटबंदीवर सैन्याने हल्ला केला. खाणकामगारांचा पुढारी पीटर लेलर याचा डावा हात त्यात गेला आणि त्याला पकडून देण्यासाठी बक्षीस लागलं. वर्षभराच्या आत तो बॅलरॅटमधून बिनविरोध कायदेमंडळात गेला आणि १८८० ते १८८७ विधानसभेचा अध्यक्ष होता. पण १८५६ मध्ये मालमत्तावाल्यांच्या एकाहून जास्त मतांना त्याने पाठिंबा दिला, तेव्हा त्याला निवडून देणारे खाणकामगारच त्याच्यावर चिडले. हीही बाजू त्याच्या चरित्रात वाचायला हवी.

प्रश्न : एका चरित्रात वाचलं की माणूस निवडून आला, मंत्री झाला अन् लगेच पुन्हा त्याच जागेवर निवडणूक. हे काहून? (मालेगाव, जि. वाशीम)

मंत्रिपद म्हणजे राणीच्या पदरची पगारी नोकरी, आणि अशी नोकरी स्वीकारली की सदस्याची जागा आपोआप रिकामी होई. राजाने पगाराची पदं वाटून सदस्य विकत घेऊ नयेत, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात हा नियम झाला आणि वसाहतींनी तो उचलला. मतदारांनी पुन्हा कौल दिला तरच मंत्री सभागृहात. बहुधा या पोटनिवडणुका बिनविरोध होत, पण नवं मंत्रिमंडळ काठावरच्या बहुमतावर असलं तर विरोधक हटकून उमेदवार उभा करत. मंत्री सगळे मतदारसंघात गुंतले की तेवढे दिवस सभागृहाचं काम थांबे.

प्रश्न : सरपंचाला अपात्र ठरवण्याची कलमं आम्ही जाणतो. तिथे सदस्याची जागा कशाकशाने जाई? (माजी सरपंच, मेहकर तालुका)

न्यू साउथ वेल्सच्या १८५५ च्या घटना कायद्यातली कारणं अशी : सभागृहाच्या परवानगीशिवाय एक पूर्ण अधिवेशन गैरहजर राहणं, परक्या राजसत्तेशी निष्ठेची शपथ घेणं किंवा तिचं प्रजाजन होणं, दिवाळं निघणं, सरकारी पैशाचा अपहार किंवा गंभीर गुन्ह्याची शिक्षा. सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्यालाही मनाई होती. राजीनामा द्यायचा तर अध्यक्षांना लेखी.

सगळ्यांत जास्त घाव बसला तो दिवाळखोरीच्या कलमाचा, कारण मानधन नव्हतं आणि व्यापार चढउताराचा. हेन्री पार्क्स यांचं वर्तमानपत्र १८५८ मध्ये बुडालं, त्यांनी जागा सोडली. १८७० मध्ये पुन्हा दिवाळं, पुन्हा जागा सोडली. पण हे कलम माणसाला कायमचं बाद करत नव्हतं. नादारीची प्रक्रिया आटोपली की पुन्हा उभं राहता येई. पार्क्स दोन्ही वेळा निवडून आले आणि पुढे पाच वेळा मुख्यमंत्री झाले.

कोरम, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, होता अध्यक्ष सोडून २० सदस्यांचा. मानधन नसल्याने तो न भरण्याची तक्रार नेहमीची.

निवडणुकीविरुद्धच्या तक्रारी कोर्टात न जाता सभागृहाच्या सदस्यांच्याच समितीपुढे जात. त्यामुळे निकालात पक्ष डोकावतो असा आरोप होई, आणि तो निराधार नव्हता. एक उदाहरण मात्र वेगळं आहे. १८७९ मध्ये व्हिक्टोरियाच्या वेस्ट बर्क मतदारसंघातून अल्फ्रेड डीकिन हा बावीस वर्षांचा वकील थोड्या मतांनी निवडून आला. न्यूहॅम इथल्या केंद्रावर मतपत्रिका संपल्या होत्या आणि काही मतदारांना मत न देता परतावं लागलं होतं. डीकिनने सभागृहातलं पहिलं भाषण संपवतानाच राजीनामा जाहीर केला, फेरनिवडणूक लढवली आणि तो थोडक्यात हरला. १८८० मध्ये तो पुन्हा निवडून आला. हाच डीकिन १८९० च्या अखेरीस भारतातले कालवे पाहायला आला होता आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला.

प्रश्न : आमच्याकडे सामूहिक वनहक्काची जमीन ग्रामसभेच्या नावावर आहे. मालमत्तेवर मत ठरत असेल तर अशा लोकांचं तिथे काय झालं? (शिक्षिका, धानोरा तालुका)

सामूहिक जमीन धरलीच गेली नाही. न्यूझीलंडच्या १८५२ च्या घटना कायद्यात मत मिळायला व्यक्तीच्या नावावर मालमत्ता किंवा भाडेपट्टा लागे. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. त्यांची जमीन टोळीची, सामाईक. म्हणून जमिनीचे मूळ मालक मतदार यादीबाहेर. १८६७ मध्ये माओरींसाठी ४ वेगळ्या जागा झाल्या, ३ उत्तर बेटावर आणि १ दक्षिण बेटावर, आणि त्यांत २१ वर्षांवरच्या सर्व माओरी पुरुषांना मालमत्तेची अट न लावता मत दिलं. गोऱ्या पुरुषांना असं सरसकट मत १८७९ मध्ये मिळालं. ऐकायला हे उदार वाटतं, पण माओरींची लोकसंख्या पाहता चार जागा फारच तोकड्या होत्या. व्यवस्था आधी पाच वर्षांसाठी होती. नंतर मुदत वाढली आणि १८७६ मध्ये ती बेमुदत झाली. सदस्य माओरीत बोलत आणि दुभाषी इंग्रजीत सांगे.

केप वसाहतीत उलटा प्रवास झाला. १८५३ च्या घटनेत वंशाची अट नव्हती : २५ पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला ५० पौंड मजुरी असली की कोणत्याही रंगाच्या पुरुषाला मत. आफ्रिकी मतदार वाढू लागले तसे नियम आवळले गेले. १८८७ मध्ये टोळीच्या सामाईक जमिनीतला वाटा मोजणं बंद केलं आणि हजारो नावं यादीतून गेली. १८९२ मध्ये मालमत्तेची अट ७५ पौंड केली आणि स्वतःचं नाव, पत्ता, धंदा लिहिता येण्याची अट घातली. कायद्यात वंशाचा शब्द एकदाही नाही. केपच्या विधानसभेत एकही कृष्णवर्णीय आफ्रिकी सदस्य कधी निवडून आला नाही.

प्रश्न : हिंदी माणसाला तिथे मत होतं का? आणि त्या काळात आपल्या वऱ्हाडात काय होतं? (अचलपूर तालुका)

क्वीन्सलंडच्या १८८५ च्या कायद्याने ऑस्ट्रेलिया, भारत, चीन आणि दक्षिण समुद्रातली बेटं इथल्या मूळ रहिवाशांना मतदार यादीबाहेर ठेवलं. मालकीची जमीन असली तरच अपवाद. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत ५० पौंडांची स्थावर मालमत्ता असलेल्या किंवा १० पौंड भाडं भरणाऱ्या हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला मत मिळे. तिथे ३७ सदस्यांची विधानसभा १८९३ मध्ये आली आणि १८९४ मध्ये लगेच हिंदी लोकांचं मत काढणारं विधेयक आलं. परत निघालेले मोहनदास गांधी याच कारणाने डर्बनला थांबले. त्यांनी सुमारे १०,००० सह्यांचा अर्ज लंडनला वसाहतमंत्र्यांकडे पाठवला. हे मंत्री होते लॉर्ड रिपन, ज्यांनी १८८२ मध्ये व्हाइसरॉय असताना भारतात स्थानिक स्वराज्याचा ठराव केला होता. विधेयकाला मंजुरी मिळाली नाही. मग नाताळने १८९६ मध्ये ‘हिंदी’ शब्द गाळून नवा कायदा केला : ज्या देशांत संसदीय मताधिकारावर उभ्या निवडून दिलेल्या संस्था नाहीत, तिथल्या लोकांना मत नाही. तो मंजूर झाला. आधी यादीत असलेल्यांची नावं राहिली. गांधींनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे तेव्हा यादीत ९,३०९ गोरे आणि २५१ हिंदी मतदार होते. एवढ्या २५१ नावांची भीती होती.

आणि वऱ्हाड? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. न्यूझीलंड आणि केपची सभागृहं भरली तीच ही वर्षं. मध्य प्रांतासाठी १८८३ मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, पण प्रांताला स्वतःचं कायदेमंडळ मिळालं १९१४ मध्ये. वऱ्हाडचा पेच आणखी वेगळा. कायद्याने ते निजामाचंच राहिल्यामुळे ब्रिटिश भारताचा भाग नव्हतं. १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडचे मतदार निवडणूक करत आणि निवडून आलेल्याला सरकार पुन्हा ‘नियुक्त’ करी, तेव्हा तो नागपूरच्या कौन्सिलात बसे.

प्रश्न : बायांना उभं राहता येत होतं का? (एकच ओळीचं पत्र, समुद्रपूर)

दक्षिण ऑस्ट्रेलियाने डिसेंबर १८९४ मध्ये मत आणि उमेदवारी दोन्ही हक्क एकाच कायद्यात दिले, पण तिथल्या संसदेत पहिल्या स्त्रिया पोचल्या १९५९ मध्ये. न्यूझीलंडने १९ सप्टेंबर १८९३ रोजी मत दिलं, उमेदवारी १९१९ मध्ये. व्हिक्टोरियाच्या १८६३ च्या कायद्यात नगरपालिका यादीतल्या ‘सर्व व्यक्तीं’ना मत असं लिहिलं गेलं, आणि घरपट्टी भरणाऱ्या काही स्त्रियांनी १८६४ मध्ये खरोखर मतदान केलं. पुढच्याच वर्षी शब्द बदलून ‘पुरुष’ केला.

प्रश्न : अशा एखाद्या सदस्याची माहिती मोबाइलवर शोधायची तर कुठे? (ग्रामीण महाविद्यालयातले इतिहासाचे विद्यार्थी, पुसद)

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या संसदेच्या संकेतस्थळांवर माजी सदस्यांची सूची आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर आणि न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’वर त्या काळची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. आधी सूचीतून मतदारसंघ आणि तारखा घ्या, मग त्या तारखेच्या आठवडाभर मागे-पुढे वर्तमानपत्र शोधा. उमेदवारीच्या दिवसाचं भाषण बहुधा पूर्ण छापलेलं मिळतं.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. नावापुढे ‘एमएलसी’ दिसलं की वरचं सभागृह समजू नका. १८५६ पूर्वी सिडनी आणि मेलबर्नला एकच सभागृह होतं आणि त्याचे निवडून आलेले सदस्यही एमएलसीच. न्यूझीलंडच्या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य ‘एमएचआर’ (मेंबर ऑफ द हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज) लिही. मतदारसंघाचं नाव तेच राहून हद्द बदललेली असते. न्यू साउथ वेल्समध्ये १८८० ते १८९४ या काळात एका मतदारसंघातून चारपर्यंत सदस्य निवडले जात, म्हणून चौथ्या क्रमांकाचा उमेदवारही विजयी असू शकतो. मतांचा आकडा सापडत नसेल तर आधी निवडणूक बिनविरोध झाली होती का ते तपासा. आणि एकाच वर्षात एका माणसाच्या नावावर दोन निवडणुका दिसल्या तर मधल्या तारखेला तो मंत्री झाला होता का, हे पाहा.